ड्राइव्ह-थ्रू कंटेनर स्कॅनर: आठ महिन्यांनंतर, एका काळ्या डागाबद्दल

गेल्या महिन्यात इचलकरंजीच्या एका आयातदार पार्टीचा चाळीस फुटी बॉक्स, म्हणजे कंटेनर, बंदरातल्या स्कॅनिंगमध्ये अडकला आणि शंभर टक्के तपासणीला, म्हणजे सगळा माल बाहेर काढून बघायला, गेला. आत कापड विणायचे जुने रेपिअर माग आणि सुट्या भागांची एक लाकडी पेटी. कागदावर होतं तेच निघालं. पण सीएफएसमधली (कंटेनर ठेवायच्या आणि उघडायच्या आवारातली) फोर्कलिफ्ट, मजुरी, परत भरणं आणि वाढलेलं ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं, मिळून 38,000 रुपये गेले. पार्टी म्हणाली, आमची चूक काय? अर्धे पैसे मी सोसले. माझ्यासारख्या छोट्या कस्टम ब्रोकरला ते जड जातात.

त्याआधीचे सात महिने मी या मशीनवर खूश होतो. पूर्वी आरएमएसने (कोणता बॉक्स तपासायचा ते ठरवणाऱ्या कस्टमच्या संगणक प्रणालीने) बॉक्स स्कॅनसाठी मार्क केला की दिवस गेलाच म्हणून समजायचं. ड्रायव्हरने उतरायचं, ट्रेलर उभा करायचा, मागे रांग वाढत जायची. आता केबिन पुढे सरकल्यावर किरण सुरू होतात आणि चालत्या गाडीतच बॉक्स स्कॅन होतो. सील तुटत नाही. ड्रायव्हर सुरुवातीला धास्तावले होते, एकाने तर जायलाच नकार दिला होता. केबिनवर किरण सोडतच नाहीत हे पटल्यावर तो प्रश्न मिटला.

आता तो काळा डाग. छातीच्या एक्स-रेला शंभर-सव्वाशे किलोव्होल्ट पुरतात. इथल्या किरणांची ऊर्जा 60 लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात असते, आणि तीही साधारण 30 सेंटिमीटर पोलादापर्यंतच पोचते. बॉक्स आतून 2.35 मीटर रुंद. त्या रुंदीत मागाच्या बिडाच्या फ्रेम एकामागे एक आल्या, की सगळ्यांची जाडी मिळून किरण अडतात आणि पडद्यावर नुसतं काळं दिसतं. दोन ऊर्जांचे किरण वापरून लोखंड निळं आणि लाकूड-कापड नारिंगी दाखवायची सोय असते, पण रंग ठरवायलाही किरण पलीकडे पोचावे लागतात. आमची पेटी नेमकी दोन फ्रेमच्या आड ठेवली होती. फोटो एकाच बाजूने घेतलेला. पेटी कागदावर आहे आणि फोटोत नाही, असं झालं.

मी अधिकाऱ्यांशी वाद घातला. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, जे मला दिसलंच नाही ते क्लीन कसं लिहू?" त्या दिवशी राग आला. हा सगळा मजकूर तक्रार म्हणूनच लिहायला घेतला होता.

पण सप्टेंबर 2021 मध्ये मुंद्रा बंदरात टाल्क (पावडरीचा दगड) म्हणून आलेल्या दोन कंटेनरमधून जवळपास 3,000 किलो हेरॉइन पकडलं गेलं, हे आमच्या धंद्यातला कुणी विसरलेला नाही. त्यानंतर न दिसलेला कोपरा सोडून द्या, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? माझा राग मशीनवरून उतरून लोडिंगवर आला. बॉक्स तिकडे, माल पाठवणाऱ्याकडे, कसा भरतात हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

त्याच पार्टीचा दुसरा बॉक्स येणार होता. तिकडच्या माणसाला फोनवर अर्धा तास समजावलं: पेटी दाराजवळ एकटी ठेव, आजूबाजूला लोखंड नको, मागांच्या दोन रांगा समोरासमोर न लावता थोड्या पुढेमागे सरकव, आणि भरताना दर टप्प्यावर फोटो काढ. दोन माग कमी बसले, तेवढं भाडं अंगावर आलं. पार्टी कुरकुरली. मी बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम अर्ज, आगाऊ भरलं आणि ते फोटो ई-संचितवर, कस्टमच्या ऑनलाइन कागदपत्रांच्या सोयीवर, चढवले. हा बॉक्सही मार्क झाला. दुपारी स्कॅन झाला, संध्याकाळी क्लीन. ट्रेलर त्याच रात्री घाट चढला. पार्टीचा फोन आला तेव्हा माझा आवाज भरून आला होता.

एक गोष्ट अजून खटकते. वरून घेतलेला दुसरा फोटो असता तर पहिल्या बॉक्सची ती पेटी दिसली असती. दोन दिशांनी बघणारे स्कॅनर बनतात. नवीन मशीन घेताना तेच घ्यावेत, एवढी माझी कळकळीची मागणी आहे. तोवर यंत्रसामग्री आणणाऱ्या माझ्या प्रत्येक पार्टीकडून लोडिंगचा कच्चा नकाशा आल्याशिवाय मी बुकिंगला हो म्हणत नाही. या आठवड्यात दोन नकाशे आले. एकात पेटी पुन्हा मधोमध होती, तो परत पाठवला आहे.