टीसीपी, एससीटीपी की क्विक: सेशन टिकवायचं तर काय घ्यायचं?

हे तिन्ही म्हणजे नेटवर्कवरून दोन मशीनमधे डेटा नेण्याचे प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेल्या पद्धती, आणि सेशन म्हणजे त्या दोघांमधला चालू संवाद. हरवलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, परत पाठवणं तिघांनाही जमतं, त्यामुळे रिलायबल कोणतं हे विचारत बसू नका, मधेच नेटवर्क बदललं किंवा पलीकडचा गुपचूप गायब झाला तर सेशनचं काय होतं ते बघा, निवड तिथेच ठरते.

टीसीपीत कनेक्शनची ओळख म्हणजे दोन्हीकडचे आयपी आणि पोर्ट. चॅट चालू असताना फोन वायफाय सोडून मोबाईल डेटावर गेला की आयपी बदलला आणि कनेक्शन मेलं, आणि वैताग हा की सर्व्हरला याचा पत्ताच नसतो. लिनक्समधे कीपअलाइव्ह (पलीकडचा अजून आहे का हे तपासणारी सोय) चालू केलं तरी डीफॉल्टला ७२०० सेकंद, म्हणजे चक्क दोन तास शांतता असेल तेव्हा पहिला प्रोब, म्हणजे तपासणीचं पॅकेट, जातो! मी अख्खा दिवस यात घालवलाय, सर्व्हरवर ढीगभर कनेक्शन एस्टॅब्लिश्ड, म्हणजे जोडलेली, दिसत होती आणि पलीकडे कुणीच नव्हतं. तेव्हा टीसीपी घेतलंत तर ॲपमधे स्वतःचा हार्टबीट, म्हणजे ठराविक वेळाने जाणारा ‘मी आहे’ असा छोटा मेसेज, टाकाच. डेटा सेंटरच्या आत, सर्व्हर ते सर्व्हर, मात्र मी डोळे झाकून टीसीपीच घेईन.

एससीटीपी मला मनापासून आवडतं. एका सेशनला दोन्हीकडे एकाहून जास्त आयपी देता येतात, एक रस्ता बंद पडला तर दुसऱ्याने जातं, हार्टबीट आतच आहे. टेलिकॉम सिग्नलिंगसाठी, म्हणजे फोन नेटवर्कच्या आतल्या नियंत्रणाच्या निरोपांसाठी, बनलं, ४जीत बेस स्टेशन (मोबाईल टॉवर) आणि कोअर (कंपनीचं मधलं नेटवर्क) यांच्यामधे तेच चालतं. पण घरगुती राउटरचं नॅट (घरातल्या सगळ्यांना बाहेरचा एकच आयपी वापरू देणारी सोय) बहुतेक वेळा त्याला ओळखतच नाही, म्हणून नेटवर्क स्वतःच्या ताब्यात असेल तरच.

मोबाईल ॲप असेल तर क्विक. २०२१ मधे आरएफसी ९००० हे त्याचं स्टँडर्ड आलं, चालतं यूडीपीवर (पॅकेट नुसतं पाठवून देणारा साधा प्रोटोकॉल), आणि ओळख कनेक्शन आयडीने होते, त्यामुळे फोनचा आयपी बदलला तरी सेशन पुढे चालू राहू शकतं. एका स्ट्रीमचं, म्हणजे त्याच कनेक्शनमधल्या डेटाच्या एका वेगळ्या प्रवाहाचं, पॅकेट हरवलं म्हणून बाकीच्या स्ट्रीम अडत नाहीत, टीएलएस १.३, म्हणजे एन्क्रिप्शन, आतच. फक्त काही ऑफिसांचे फायरवॉल यूडीपी अडवतात, तेव्हा टीसीपीचा फॉलबॅक, म्हणजे पर्यायी मार्ग, ठेवा, आणि नॅट यूडीपीची नोंद लवकर पुसतं म्हणून अधूनमधून पिंग पाठवत रहा.

आणि कोणतंही घ्या, ॲक, म्हणजे मिळाल्याची पोच, आली म्हणजे पलीकडच्या प्रोटोकॉलला बाइट मिळाले, ॲपने मेसेज वाचून सेव्ह केला असं नाही, मधल्या क्षणी ॲप क्रॅश झालं तर मेसेज गेलाच. म्हणून प्रत्येक मेसेजला नंबर द्या आणि परत जोडल्यावर क्लायंटने आधी सांगावं, माझ्याकडे ४१ पर्यंत आलेत, ४२ पासून पाठव.