लोकगीतांच्या साथीसाठी गिटारचे स्ट्रमिंग: आठ महिन्यांच्या सरावानंतरचा अनुभव

गेले आठ महिने मी स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर लोकगीतांची साथ करायला शिकते आहे. सुरुवातीला मी स्ट्रमिंगचा, म्हणजे तारांवरून हात खाली-वर फिरवून वाजवण्याचा, ‘खाली, खाली-वर, वर-खाली-वर’ हा पॅटर्न पाठ केला. नवशिक्यांना बऱ्याचदा सुरुवातीला हाच शिकवला जातो. पहिले दोन महिने त्या पाठांतरात गेले आणि त्यातून फारसे काही हाती लागले नाही. पॅटर्नमध्ये दोष नव्हता. परंतु तो खाली-वर दाखवणाऱ्या बाणांची रांग म्हणून पाठ केल्यामुळे, दोन स्ट्रोकच्या मधल्या काळात हात कोठे असायला हवा, हे मला कळलेच नव्हते.

हा पॅटर्न चार मात्रांचा आहे आणि प्रत्येक मात्रेचे दोन भाग पडतात. हात प्रत्येक मात्रेवर खाली जातो आणि प्रत्येक अर्ध्या मात्रेवर वर येतो, म्हणजे एका आवर्तनात त्याच्या एकूण आठ हालचाली होतात. त्यांपैकी सहा वेळा पिक (तारा छेडायची छोटी पातळ चकती) तारांना लागते आणि दोन वेळा हात तारांना न लागता नुसता फिरतो: एकदा पहिल्या मात्रेनंतर वर येताना आणि एकदा तिसऱ्या मात्रेवर खाली जाताना. तिसऱ्या मात्रेवरचा हा रिकामा स्ट्रोक मी घेतच नव्हते. हात वरच थांबवून ठेवत होते आणि पुढचा वरचा स्ट्रोक अंदाजाने मारत होते. त्यामुळे लय जरा वाढली की सगळा ठेका कोलमडत असे. तबल्याच्या तालात ‘खाली’ म्हणतात त्या मात्रेवर टाळी नसली तरी ती मात्रा मोजावीच लागते. येथेही नेमके तसेच आहे. ही गोष्ट समजल्यावर मी डाव्या हाताची बोटे तारांवर हलकी टेकवून त्यांचा नाद बंद केला, मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारे साधन) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावला आणि ‘एक-आणि-दोन-आणि’ असे मोठ्याने म्हणत तीन आठवडे केवळ उजव्या हाताचा सराव केला. या आठ महिन्यांतला सर्वांत उपयोगी काळ कोणता असे विचारल्यास मी हे तीन आठवडे सांगेन. त्यानंतर नवा पॅटर्न शिकणे म्हणजे, सतत फिरणाऱ्या हाताने कोणत्या वेळी तारांना स्पर्श करायचा, एवढेच ठरवणे उरले.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगते. एक मिलिमीटर जाडीचे पिक वर येताना तारांत अडकत होते, तर ०.४६ मिलिमीटरचे सहज फिरत असले तरी त्याचा स्वतःचाच टकटक आवाज येई आणि जाड तारा पोकळ वाजत. शेवटी ०.७३ मिलिमीटरचे पिक मला मानवले. ०.०१२ इंचापासून सुरू होणाऱ्या तारांच्या संचाऐवजी ०.०११ इंचाचा संच लावल्यावर बोटांचा त्रास कमी झाला, मात्र आवाजाचा भरीवपणा किंचित घटला.

कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, बदलणे ही माझी दुसरी मोठी अडचण होती. जी कॉर्डवरून सी कॉर्डवर जाताना डावा हात मागे पडे आणि त्याची वाट पाहत उजवा हात थांबे. त्यावर सापडलेला उपाय असा की, आवर्तनातल्या शेवटच्या वरच्या स्ट्रोकवर डावा हात उचलून घ्यायचा. त्या क्षणी मोकळ्या तारा वाजतात आणि ऐकणाऱ्याला ते खटकत नाही, कारण तो स्ट्रोक हलका असतो आणि लगेच नवी कॉर्ड समेवर ठाम वाजते. हे समजेपर्यंत मोकळ्या तारांचा आवाज मी चूक समजून टाळत होते. लोकगीतांची चाल बहुधा दोन-तीन कॉर्डवर भागते, त्यामुळे ही एक युक्ती साधली की पुष्कळ गाणी आवाक्यात येतात.

चौथ्या महिन्यापासून मी मंद्र स्वर आणि स्ट्रोक यांचा आलटून-पालटून ठेका शिकू लागले. या वादनात मला सर्वाधिक आनंद मिळाला. पहिल्या मात्रेवर कॉर्डचा मूळ स्वर एकट्या जाड तारेवर वाजवायचा, दुसऱ्या मात्रेवर बारीक तारांवरून खाली स्ट्रोक द्यायचा, तिसऱ्या मात्रेवर दुसरा मंद्र स्वर घ्यायचा आणि चौथ्या मात्रेवर पुन्हा स्ट्रोक. जी कॉर्डला सहावी आणि चौथी तार, डी कॉर्डला चौथी आणि पाचवी तार, अशी नेमकी तार शोधायला हाताला वेळ लागतो. अमेरिकन लोकसंगीतातल्या गिटारवादक मेबेल कार्टर यांचे वादन हा या शैलीचा पुढचा टप्पा म्हणता येईल. त्यांच्या ‘कार्टर फॅमिली’ या गायनसमूहाचे पहिले ध्वनिमुद्रण १९२७ मध्ये अमेरिकेतील ब्रिस्टल येथे झाले. मेबेल अंगठ्याने जाड तारांवर गाण्याची चाल वाजवत आणि बोटांनी बारीक तारांवर ठेका धरत. ते ऐकल्यानंतर साथ आणि चाल एकाच हातात कशी सामावते, हे माझ्या ध्यानात आले.

तीन मात्रांच्या गाण्यांसाठी एक मंद्र स्वर आणि दोन स्ट्रोक पुरतात. सहा मात्रांचा, तीन-तीनच्या गटांचा ठेका मात्र कठीण निघाला. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला तो ओळखीचा वाटतो, पण हात खाली-वर असा सरळ चालवला तर वजनाची चौथी मात्रा वरच्या स्ट्रोकवर येते आणि दुबळी पडते. म्हणून जिग या आयरिश नृत्यप्रकारासारख्या धुनांच्या साथीत ‘खाली-वर-खाली, खाली-वर-खाली’ असे वाजवतात. त्यात तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर सलग दोन खालचे स्ट्रोक येतात, आणि त्यांच्या दरम्यान हाताला दुप्पट वेगाने वर परतावे लागते. संथ लयीत हे मला जमते. जलद लयीत मनगट आखडते आणि चौथ्या मात्रेचे वजन निसटते.

गाणे म्हणत वाजवणे मी सहाव्या महिन्यात सुरू केले. ते आणखी आधी, अगदी एकाच कॉर्डवर का होईना, सुरू करायला हवे होते असे आता वाटते. अनेक गाण्यांची ओळ समेच्या आधी उचलली जाते, आणि मौखिक परंपरेतली गाणी गाताना गायक ओळीच्या अखेरीस एखादी मात्रा वाढवतोही. पॅटर्न पक्का पाठ असलेला हात तेथे गायकाच्या पुढे निघून जातो. यासाठी मी सध्या प्रत्येक गाणे आधी फक्त खालच्या स्ट्रोकवर म्हणते, स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकून शब्द कोणत्या मात्रेवर पडतात ते तपासते, आणि मगच त्या जागा सोडून वरचे स्ट्रोक भरते. या क्रमाने मी आतापर्यंत अकरा गाणी बसवली आहेत. बारावे सहा मात्रांचे आहे आणि मेट्रोनोमची लय एकेका ठोक्याने वाढवत त्याचाच सराव सध्या चालू आहे.