भोसरीतल्या कारखान्यात एआय कॅमेरा आणि एआय असिस्टंट: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

आमची मशीनिंगची कंपनी आहे, भोसरी एमआयडीसीत, गाड्यांना लागणारे कास्टिंगचे पार्ट मशीन करून देतो. आयएटीएफ १६९४९ म्हणजे गाड्यांच्या पार्टसाठीच्या क्वालिटी स्टँडर्डचं सर्टिफिकेट आहे, कस्टमर बहुतेक चाकणचे आणि थोडा माल युरोपात जातो. मी क्वालिटी सिस्टीम बघते, म्हणजे डॉक्युमेंट, ऑडिट, कस्टमर कंप्लेंट सगळं माझ्या टेबलावरून जातं. आमच्याकडे दोन प्रकारचं एआय आलंय, एक लाइनवर पार्टचा सरफेस तपासणारा कॅमेरा आणि दुसरा ऑफिसात लिहायला-वाचायला वापरतो तो चॅटवाला असिस्टंट. दोन्ही चांगले महिनोन्महिने वापरून झालेत म्हणून सविस्तर लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मी शोधत होते तेव्हा सगळीकडे फक्त विकणाऱ्यांचं लिखाण सापडलं, वापरणाऱ्यांचं जवळजवळ नव्हतंच. कंपन्यांची नावं देणार नाही, तक्रारी आहेत त्या एकाच कंपनीच्या नाहीत आणि दुसरं टूल घेतलं तरी याच गोष्टी बघाव्या लागतील.

आधी कॅमेरा. ब्लोहोल (कास्टिंगमधली हवेची पोकळी), डेंट, टूल मार्क पकडायला घेतला. सुरुवातीचे काही आठवडे खूप त्रास झाला, पार्टवर कूलंटचा थेंब राहिला की त्याला ब्लोहोल दिसायचा आणि चांगला माल रिजेक्ट बिनमध्ये, प्रॉडक्शनवाले वैतागले, एका शिफ्टमध्ये तर कॅमेरा बायपास करा इथपर्यंत बोलणं गेलं. मग पार्ट धुऊन एअर ब्लो करून मगच कॅमेऱ्याखाली द्यायचं ठरलं, दुपारी शेडच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन येतं ते अडवायला चारी बाजूंनी हूड केला, आणि मग गाडी रुळावर आली. सप्लायरने डेमोत हे काही सांगितलं नव्हतं. अजून एक, शिकवायला खराब पार्टचे फोटो भरपूर लागतात आणि आपली प्रोसेस बरी असेल तर खराब पार्ट मिळतच नाहीत पुरेसे, त्यामुळे आम्ही रिजेक्शनचे जुने पीस स्क्रॅपमध्ये न टाकता जपून ठेवायला लागलो. कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर हे आजपासूनच सुरू करा, पुढचे कितीतरी महिने वाचतील.

पण कॅमेऱ्यावर मी आज विश्वास ठेवते त्याचं कारण वेगळं आहे. आयएटीएफच्या १०.२.४ कलमात पोका-योकेबद्दल (चूक आपोआप टाळायची किंवा पकडायची सोय) लिहिलंय की ते फेल झालं तर काय होतं हे तपासून बघायचं, रेकॉर्ड ठेवायचं, आणि चॅलेंज पार्ट (तपासणी चालते का बघायला मुद्दाम ठेवलेले पीस) वापरत असाल तर तेसुद्धा ओळखता येतील असे आणि कंट्रोलमध्ये ठेवायचे. आम्ही कॅमेऱ्याला तेच लावलं. प्रत्येक शिफ्ट सुरू होताना नंबर कोरलेले, मुद्दाम ठेवलेले खराब पीस लाइनवरून सोडायचे, त्यातला एक जरी पास झाला तरी लाइन बंद आणि शेवटच्या ओके चेकपासूनचा सगळा माल होल्ड. एकदा मेंटेनन्सने लेन्स पुसली, अँगल जरासा हलला आणि सकाळच्या शिफ्टला बारीक ब्लोहोलवाला चॅलेंज पीस आरामात पास झाला. रात्रीचा अख्खा लॉट अडवून हाताने परत तपासला, त्यात खराब निघाले ते बाजूला काढले, कस्टमरकडे एकही गेला नाही. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत होतं, सॉफ्टवेअरला स्वतःला काही कळलं नव्हतं, तो खराब पीस सोडला नसता तर आम्हालाही कळलं नसतं.

आता असिस्टंट, आणि माझं खरं बोलणं इथूनच सुरू होतं, कारण कॅमेऱ्याला जी शिस्त आम्ही पहिल्या महिन्यात लावली ती या असिस्टंटला लावायचं कुणाच्या मनातच आलं नाही. आमच्याच काय, ज्या ज्या कंपन्यांतल्या क्वालिटीवाल्यांशी बोलले त्यांच्याकडेही नाही. कॅमेरा मशीन आहे म्हणून त्याला कंट्रोल प्लॅन (काय, कसं, किती वेळा तपासायचं त्याचा तक्ता), आणि असिस्टंट कॉम्प्युटरवर आहे म्हणून तो आयटीचा विषय, असं धरून चालतात. पण कस्टमरला जाणारा आठ-डी रिपोर्ट (कंप्लेंटचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत लिहायचा रिपोर्ट) त्याच्यातून निघत असेल तर तोही प्रोसेसचाच भाग झाला ना!

चांगलं आधी सांगते, कारण चांगलं खरंच भरपूर आहे. कस्टमर स्पेसिफिक रिक्वायरमेंटच्या जाडजूड पीडीएफ असतात, नवीन इश्यू आला की जुन्यात आणि नव्यात काय बदललं ते शोधायला आधी दोन-दोन दिवस जायचे, आता तासाभरात यादी येते आणि मी मूळ पानाशी ताडून बघते. पीएफएमईए (प्रोसेसमध्ये कुठे काय चुकू शकतं त्याचं टेबल) आणि कंट्रोल प्लॅन समोरासमोर ठेवून कुठलं कॅरॅक्टरिस्टिक एकात आहे आणि दुसऱ्यात नाही हे शोधायला तर फारच उपयोगी, ऑडिटमध्ये नेहमी एनसी (नियम पाळला नाही अशी नोंद) येते ती इथेच येते. युरोपातल्या कस्टमरच्या मेलला नीट इंग्रजीत उत्तर लिहिणं, मीटिंगचे मुद्दे काढणं, ऑपरेटरसाठी वर्क इन्स्ट्रक्शनचा मराठी मसुदा, हे सगळं आता होतं. मराठी थोडी पुस्तकी येते, सुपरवायझर ती शॉपच्या बोलीत बसवतात. आमच्याकडे डिप्लोमा करून आलेली मुलं आहेत, कामात हुशार पण इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा म्हटलं की मागे सरायची, ती आता कस्टमरच्या कॉलवर स्वतः बोलतात. मला याचा मनापासून आनंद आहे आणि केवळ यासाठीही मी ते बंद करू देणार नाही.

पण एका कंप्लेंटच्या वेळी जे झालं ते सांगायलाच हवं. बोअर ओव्हरसाइजची, म्हणजे भोक ठरल्यापेक्षा मोठं झाल्याची कंप्लेंट होती, आठ-डी चोवीस तासांत हवा होता. एका इंजिनिअरने कंप्लेंटचा मेल असिस्टंटला दिला आणि रिपोर्ट मागितला. इतका सुंदर रिपोर्ट आला, पाचही व्हाय ("का" विचारत मूळ कारणापर्यंत जायच्या पायऱ्या) ओळीने, इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) बदलायची फ्रिक्वेन्सी ठरलेली नव्हती म्हणून टूल झिजलं, म्हणून बोअर वाढला, करेक्टिव्ह अॅक्शन म्हणून फ्रिक्वेन्सी ठरवली आणि ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं. वाचणाऱ्याला कुठे अडायला होणार नाही. तो लाइन सुपरवायझर काकांकडे सहीला गेला आणि ते थेट माझ्याकडे आले, म्हणाले, "मॅडम, इन्सर्टची फ्रिक्वेन्सी तर मशीनच्या बोर्डावर लिहिलेली आहे, हे लिहिणारा मशीनपाशी आला होता का?" जाऊन बघितलं तर मशीनवर पार्ट धरणाऱ्या फिक्स्चरचं लोकेटिंग पॅड झिजलेलं, पार्ट नीट बसतच नव्हता. म्हणजे कारण पूर्ण वेगळं. तो रिपोर्ट गेला असता तर इन्सर्ट बदलत बसलो असतो आणि पुढच्या लॉटला तीच कंप्लेंट परत.

यात असिस्टंट बिघडलाय असं काही नाही, ते तसंच चालतं. त्याच्यासमोर मशीन नाही, त्या दिवसाची रीडिंग नाहीत, जगभरचे आठ-डी वाचून सर्वात जास्त वेळा जे कारण लिहिलं जातं ते तो लिहितो, आणि सर्वात जास्त लिहिलं जाणारं कारण म्हणजे टूल वेअर नाहीतर ऑपरेटर ट्रेनिंग. पूर्वी खोटा व्हाय-व्हाय लगेच ओळखू यायचा, घाईत लिहिलेला असायचा, भाषा अडखळायची. आता खऱ्याची आणि खोट्याची भाषा सारखीच गुळगुळीत, त्यामुळे कागद बघून कळायचा मार्ग बंद झालाय, मशीनपाशी जावंच लागतं. एफएमईएतही असंच, एआयएजी-व्हीडीए या ऑटो संघटनांच्या २०१९ च्या हँडबुकनंतर आरपीएन (धोक्याचा गुणाकार करून काढलेला आकडा) जाऊन एपी (कशावर आधी काम करायचं त्याची पातळी) आलं, पण असिस्टंट मधूनच आरपीएनचे आकडे घालतो आणि टेबल इतकं नीटस असतं की नवीन माणूस ते तसंच पुढे पाठवेल.

त्यानंतर आम्ही नियम केला, डी-फोर म्हणजे रूट कॉज असिस्टंटकडून येणार नाही. ते मशीनपाशी, रीडिंगसकट, हाताने लिहायचं, त्याचा फोटो जोडायचा, मग भाषा सुधारायला हवं तर असिस्टंट वापरा. बाकीच्या डी मध्ये मोकळीक आहे.

दुसरा विषय डेटाचा. कंपनीने लायसन घ्यायच्या आधीच लोक स्वतःच्या मोबाइलवर फुकटचं वापरत होते, कस्टमरच्या ड्रॉइंगचा फोटो काढून त्याला प्रश्न विचारत होते. एनडीए म्हणजे गोपनीयतेचा करार सही केलेली ड्रॉइंग! कुणाच्या मनात वाईट नव्हतं, काम लवकर व्हावं एवढंच. सॅमसंगमध्ये २०२३ साली हेच झालं होतं, इंजिनिअरनी कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीने अशी टूल्स बंद केली. आपल्याकडे अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये ऑफिसच्या मशीनवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका असं कळवलं होतं. आमच्या साहेबांचंही पहिलं म्हणणं बंदीचंच होतं. माझं मत विरुद्ध होतं आणि अजूनही आहे, कारण कंपनीचा कॉम्प्युटर बंद करता येतो पण खिशातला मोबाइल कसा बंद करणार? कंपनीचं लायसन दिलं, त्यात आमचा डेटा ट्रेनिंगला वापरणार नाही हे करारात बघून घेतलं, आणि मगच स्वतःच्या अकाउंटवर कंपनीचं काम बंद असं सांगितलं, तेव्हा लोकांनी ऐकलं. ड्रॉइंग, रेट आणि कामगारांचा आधार-मेडिकल यातलं काहीही टाकायचं नाही, हे मात्र कंपनीच्या अकाउंटलाही लागू. डीपीडीपी म्हणजे वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षाने लागू होणार आहेत पण डेटा नीट सांभाळला नाही तर दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो, लहान कंपन्यांनी हे आमच्यासाठी नाही असं समजू नये.

एचआरकडून मागणी आली की बायोडेटा गाळायलाही हेच वापरू. याला मी मीटिंगमध्ये स्पष्ट विरोध केला. अॅमेझॉनने असं टूल बनवलं होतं, आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवर शिकवलेलं, आणि ते बायकांचे अर्ज खाली ढकलत होतं म्हणून सोडून द्यावं लागलं, २०१८ मध्ये ते बाहेर आलं. मशीनिंगच्या कंपन्यांत आजवर कोण लागलं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर शिकलेलं टूल मेकॅनिकलच्या मुलींचं काय करेल हे मला चांगलं कळतं, मी त्यातूनच आलेय. युरोपच्या एआय कायद्यातही नोकरभरतीचा वापर जास्त धोक्याच्या वर्गात टाकलाय. आमच्याकडे तो वापर सध्या नाही, आणि पुढे आला तरी नाकारलेला प्रत्येक अर्ज माणसाने वाचायचा असं लिहून घेतलंय.

मग देखरेख नक्की कशी करतो? एक रजिस्टर आहे, साधी एक्सेल शीट. एआय कुठे वापरतो, कोणाच्या जबाबदारीवर, कुठला डेटा जातो, कोण तपासतो, चुकलं तर माल किंवा कागद कुठपर्यंत पोचेल. मॅनेजमेंट रिव्ह्यूत त्याचा मुद्दा घातलाय. आयएसओ ४२००१ नावाचं एआयसाठीचं स्टँडर्ड डिसेंबर २०२३ मध्ये आलंय, कन्सल्टंट सर्टिफिकेट घ्या म्हणून फोन करतात, आम्ही घेतलं नाही पण रचना आयएसओ ९००१ या क्वालिटी स्टँडर्डसारखीच असल्यामुळे आमच्या इंटर्नल ऑडिटरना लगेच समजली, प्रश्न काढायला खूप उपयोग झाला. आमच्यासारख्याने आधी प्रश्न वापरावेत, सर्टिफिकेटचे पैसे नंतर बघावेत.

रजिस्टरपेक्षाही जास्त उपयोग झाला तो असिस्टंटसाठी बनवलेल्या चॅलेंज पार्टचा. जुन्या बंद झालेल्या कंप्लेंट, ज्यांचं खरं कारण आम्हाला पक्कं माहीत आहे, कस्टमरचं नाव काढून, आणि स्टँडर्डवरचे काही प्रश्न ज्यांची उत्तरं ठरलेली आहेत, असा एक संच ठेवलाय. त्यात मुद्दाम अपुरी माहिती दिलेले प्रश्नही आहेत, तिथे त्याने माहिती कमी आहे असं म्हणायला हवं. महिन्यातून एकदा आणि टूल बदलल्याचं जाणवलं की तो संच चालवतो आणि उत्तरं जपून ठेवतो. एकदा अपडेटनंतर अपुऱ्या माहितीच्या प्रश्नांना तो बिनधास्त कारणं द्यायला लागला होता, आधी प्रश्न विचारायचा. लगेच सगळ्यांना कळवलं.

आणि इथे माझी सर्वात मोठी तक्रार आहे. आम्ही इन्सर्टचा ग्रेड बदलला तरी कस्टमरला चेंज कळवावा लागतो, मंजुरी येईपर्यंत थांबावं लागतं. आणि हे टूल आतून बदलतं तेव्हा आम्हाला आधी काही सांगत नाहीत, सोमवारी येऊन बघावं तर उत्तरांची धाटणी वेगळी. इतर कुठल्याही सप्लायरकडून आम्ही हे चालवून घेतलं नसतं.

वेळेचं पण सांगते कारण साहेब लोक इथेच गणित चुकवतात. लिहायचा वेळ खूप वाचला हे खरं, पण तपासायचा वेळ वाढला आणि तो कुणी मोजलाच नाही. रिपोर्ट जास्त निघायला लागले, सही करणारे काका मात्र तेच एक, त्यांच्या शिफ्टचं काम तेवढंच. थकलेला माणूस नीट दिसणाऱ्या कागदावर सही करतो, दोष त्याचा नाही. ऑस्ट्रेलियात डेलॉइटने सरकारला दिलेल्या रिपोर्टमध्ये अस्तित्वात नसलेले संदर्भ सापडले आणि २०२५ मध्ये काही पैसे परत करावे लागले, तिथे तर माणसांची कमी नसणार. आम्ही शेवटी काकांच्या रोजच्या कामात तपासणीचा वेगळा वेळ लिहून घेतला, त्या वेळात त्यांना लाइनवर बोलवायचं नाही, यासाठी मला प्रॉडक्शनशी बरंच भांडावं लागलं. एआय घेताना लायसनच्या किमतीसोबत हा वेळही कोटेशनमध्ये धरा, नाहीतर देखरेख फक्त पॉलिसीच्या कागदावर राहील.

कॅमेरा दुसऱ्या लाइनवरही घेतोय. असिस्टंटचं रिन्यूअल करतोय पण सगळ्यांना नाही, जे रजिस्टरमध्ये आहेत त्यांनाच. रिन्यूअलच्या करारात मॉडेल बदलायच्या आधी लेखी नोटीस आणि जुनं व्हर्जन काही दिवस चालू ठेवायची अट घालायची आहे, विक्रीवाले सध्या हो-नाही करताहेत. इथे कुणाच्या कंपनीने अशी अट मान्य करून घेतली असेल तर कोणत्या शब्दांत लिहिली ते कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात त्यांच्याशी बसायचंय.