अॅम्बेसिडरच्या कॉर्क पॅकिंगचा बिननावाचा संच : घरी बसवून पाहिल्यानंतरचे मत

हिंदुस्थान मोटर्सने २०१४ मध्ये पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अॅम्बेसिडरचे उत्पादन थांबवले. १४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिन त्याच्या कितीतरी आधी मागे पडले होते, त्यामुळे या इंजिनाच्या सांध्यांतली तेलगळती रोखणारे पॅकिंग आज कंपनीच्या वेष्टनात मिळेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. बेळगावच्या जुन्या ऑटो स्पेअर्सच्या दुकानांतून हाती येतो तो प्लास्टिकच्या पिशवीतला, कोणाचेही नाव नसलेला कॉर्कचा संच. मला तो तीनशे रुपयांच्या आत मिळाला. पिशवीत टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाचे) पॅकिंग, इंजिनाच्या बाजूच्या दोन झाकणांची पॅकिंगे, ऑइल चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याच्या) दोन लांब पट्ट्या आणि मेन बेअरिंगच्या (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा पेलणाऱ्या बेअरिंगच्या) कॅपपाशी बसणारे कॉर्कचे दोन तुकडे होते. टॅपेट कव्हर आणि चेंबर यांच्यासाठी हा संच निःसंकोच घ्यावा, बाजूच्या झाकणांसाठी मात्र त्यावर विसंबून राहू नये, असे माझे मत झाले आहे.

संच विकत घेण्यापूर्वी तेल नक्की कोठून येते हे पाहणे आवश्यक आहे, कारण वर टॅपेट कव्हरपाशी सुटलेले तेल इंजिनाच्या अंगावरून खाली ओघळते, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकते आणि चेंबरच्या मागच्या टोकाला थेंब धरते, त्यामुळे खालून पाहणारा चेंबरलाच दोष देतो. इंजिन गार असताना रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन पूर्ण कोरडे करावे, सांध्यांवर खडूची बारीक पूड भुरभुरावी, गाडी थोडी फिरवून आणावी आणि मग ‘तरुण भारत’ची जुनी पाने खाली अंथरून उभी करावी. पांढऱ्या पुडीवर पहिली ओली रेघ जेथे दिसेल तो सांधा खरा; कागदावरचा डाग फक्त थेंब कोठे पडला एवढेच सांगतो. ऑइल फिल्टरच्या वाटीची रबरी रिंगही याच वेळी तपासावी. जुनी रिंग खाचेत तशीच राहून तिच्यावर नवी चढवलेली असेल, तर तेथूनही भरपूर तेल जाते आणि त्यासाठी कॉर्कच्या संचाची गरजच नसते.

संचातील टॅपेट कव्हरचे पॅकिंग मला सर्वांत समाधानकारक वाटले. जाडी सर्वत्र सारखी होती आणि कोपऱ्यांत कॉर्कचे दाणे सुटत नव्हते. लांबीला ते किंचित आखूड भरले, पण हा दोष बनावटीचा कमी आणि दुकानातील खिळ्यावर उन्हाळाभर लटकण्याचा अधिक आहे. सुकलेला कॉर्क आकसतो, कोमट पाण्यात काही वेळ ठेवला की पुन्हा मापावर येतो. पॅकिंग कव्हरच्या बाजूला सिलिकॉन पेस्टच्या पातळ थराने चिकटवावे आणि इंजिनाच्या हेडची बाजू कोरडी ठेवावी, म्हणजे पुढे टॅपेट सेटिंगसाठी (व्हॉल्व्हची फट जुळवण्यासाठी) कव्हर उघडताना पॅकिंग फाटत नाही. पेस्ट जास्त लावल्यास ती आतल्या बाजूला पिळून निघते, तिचे तुकडे तेलात पडतात आणि तेलाच्या पंपाच्या जाळीपर्यंत पोहोचू शकतात. कव्हरचे दोन नट जेमतेम ४ फूट-पौंड इतक्याच जोराने आवळायचे असतात. हात जड असलेला माणूस येथेच पॅकिंग चिरडतो आणि पत्र्याचे कव्हर वाकवतो, आणि मग नावे ठेवली जातात ती पॅकिंगला. नटाखालच्या रबरी बुशा संचात नव्हत्या. त्या कडक झाल्या असतील तर पॅकिंग कितीही चांगले असले तरी तेल नटाशेजारून येत राहते.

चेंबरच्या पट्ट्यांची भोके बरोबर जुळली. चेंबर उतरवल्यावर मात्र त्याच्या कडेवर लोखंडी पट्टी उभी धरून पाहावे. वर्षानुवर्षे बोल्ट आवळल्याने प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा वर उचललेला असतो आणि दोन बोल्टांच्या मधे फट राहते. ही कड सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीने ठोकून बसवल्याशिवाय कोणतेही पॅकिंग टिकणार नाही. कॅपपाशी बसणारे कॉर्कचे तुकडे थोडे उंच येतात, ते उंचच असू द्यावेत, कारण चेंबर दाबून बसल्यावर तेवढी उंची लागते. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर भरवसा ठेवू नये, स्टँड लावावेतच. बोल्टांसाठी पाने इंचाच्या मापाचे घ्यावेत. मिलिमीटरच्या पान्याने या बोल्टांची डोकी गोल होतात.

खरी तक्रार बाजूच्या दोन झाकणांच्या पॅकिंगबद्दल आहे. ती पातळ निघाली आणि एकाचे भोक झाकणाच्या भोकाशी जुळत नव्हते. दुकानदाराने विकतानाच सांगितले होते, ‘‘साईडचं पॅकिंग बारीक आलंय बघा, शीट घेऊन जावा.’’ त्याचा हा प्रामाणिकपणा नोंदवण्यासारखा आहे. ही झाकणे मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या व धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या) मागे दडलेली असल्यामुळे तेथवर पोहोचण्यासाठी कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवावे लागतात. टॅपेट कव्हरचे पॅकिंग फसले तर ते थोड्या वेळात बदलता येते, येथे फसले तर सगळी उघडझाप पुन्हा करावी लागते. म्हणून हात सहज पोहोचेल तेथे स्वस्त कॉर्क चालेल, परंतु या जागी रबरमिश्रित कॉर्कची शीट घेऊन, जुने झाकण तिच्यावर ठेवून, पेन्सिलीने आखून पॅकिंग कापावे. ही शीट साध्या कॉर्कइतकी आकसत नाही. मी तसेच केले आणि बेळगावजवळचा वंटमुरीचा घाट चढून-उतरून आल्यावरही त्या बाजूची खडूची पूड कोरडी होती.

एका गळतीवर मात्र या संचाचा इलाज नाही. या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नाही. क्रँकवर कोरलेले आटे फिरता फिरता तेल पुन्हा इंजिनात ढकलतात, एवढीच व्यवस्था आहे. मेन बेअरिंग झिजले किंवा इंजिनात आतला दाब वाढला की तेल क्लच हाउसिंगच्या तळाशी असलेल्या भोकातून ठिबकते. बाजूच्या पुढच्या झाकणाला जोडलेली ब्रीदरची (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी) नळी काजळीने बुजली असेल, तर ती साफ केल्याने हे ठिबकणे पुष्कळ कमी होते, आणि हे काम फुकटात घरी होणारे आहे. त्यानंतरही प्रवाह कमी झाला नाही तर इंजिन उतरवावे लागते, आणि ते मेस्त्रीचे काम आहे. ‘अॅम्बेसिडर म्हटली की तेल गळणारच’ असे आपल्या सीमाभागातील गॅरेजांत सरसकट ऐकवले जाते; हे वाक्य फार तर या एका जागेपुरते खरे मानावे.

खरेदी करताना पिशवी उघडायला लावून लांब पट्ट्या हलकेच वाकवून पाहाव्यात, तडा जात असेल तर दुसरी पिशवी मागावी. टॅपेट कव्हरच्या रबरी बुशा, फिल्टरची रिंग आणि रबरमिश्रित कॉर्कची शीट वेगळी सांगून घ्यावी लागते. इंजिन पेट्रोलचे आणि १४८९ सीसीचे आहे हेही स्पष्ट सांगावे, कारण पुढच्या काळातील इसुझू इंजिनाच्या अॅम्बेसिडरचे पॅकिंग निराळे असते आणि काउंटरवरचा पोऱ्या नुसते ‘अॅम्बेसिडर’ ऐकून हाताला लागेल ती पिशवी पुढे करतो.