रिले 280 रुपयांचा, बिल 41,300 चं

आधी आकडा लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही: 41,300 रुपये. एवढे पैसे मी हेड गॅस्केटच्या (इंजिनचं डोकं आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलच्या) नावाखाली मोजले, आणि ते गॅस्केट कुणी उघडलंसुद्धा नव्हतं. मी बँकेत आहे. दिवसभर लोकांना सांगतो, ओटीपी देऊ नका, अनोळखी खात्यात पैसे टाकू नका. त्यामुळे घरात काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

माझी 2016 ची पेट्रोल गाडी. मे महिना, भर दुपार, नाशिकच्या द्वारका चौकातला नेहमीचा जाम. टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला आणि एसीतून गरम हवा येऊ लागली. चौक सुटला, गाडी जरा पळाली, की काटा खाली आणि एसी पुन्हा गार. जाणकारांना इथेच रोग कळला असेल. पळत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर गार करतो, उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सरही त्याच पंख्यावर. दोन्ही दुखणी फक्त जाममध्ये उठतात म्हणजे पंखा फिरत नाही, एवढं सरळ. पण मागच्या सीटवर सासूबाई, दुसऱ्या दिवशी वणीला गडावर जायचं ठरलेलं. अशा वेळी माणूस रोगनिदान करत बसतो का? हायवेवर दिसलं त्या गॅरेजात गाडी घातली.

मालक अतिशय गोड. आधी पाणी, मग चहा. बॉनेट उघडून त्याने ऑईल भरायचं झाकण काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतून पांढरट, सायीसारखा फेस. "बघा भाऊ, पाणी ऑईलमध्ये उतरलं. हेड गॅस्केट गेलं. अजून चार किलोमीटर चालवली असती तर इंजिन सीज होतं."

त्याच वेळी त्याच्या पोऱ्याने सवयीने डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑईल मोजायची पट्टी, ओढली, फडक्याला पुसली, परत घालून काढली. मी बघत होतो. ऑईल काळपट, पण स्वच्छ. दुधाळपणाचा मागमूस नाही. पाणी खरंच ऑईलमध्ये मिसळलं असतं तर डिपस्टिकवरही दुधाच्या चहाचाच रंग दिसला असता. झाकणाखालचा फेस छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या वाफेनेही धरतो, आणि माझी रोजची फेरी सिडको ते शाखा, एवढीच. मालकाने पोऱ्याकडे असं काही बघितलं की त्याने डिपस्टिक गपकन आत सारली. ती नजर मला दिसली. आणखी एक म्हणजे इंजिन चालू होतं, तापलेलं होतं, आणि पंख्याची ती नेहमीची घरघर नव्हती. सगळं डोळ्यांसमोर, कानांसमोर. आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकाला जाते.

तोंडी अंदाज 14,500 चा दिला. ॲडव्हान्स मात्र त्याहून जास्त, 20,000 मागितला, तोही गॅरेजच्या खात्यावर नाही, "भाच्याच्या नंबरवर". हातात आलं ते कच्चं बिल असं: गॅस्केट किट 6,200, हेडचं लेथवर फेसिंग 3,500, वॉटर पंप 4,400, नवा रेडिएटर 9,800, कूलंट आणि ऑईल 3,900, मजुरी 13,500. जुने पार्ट मागितले तर "भंगारवाला घेऊन गेला". आणि ट्रायल कुठे दिली? उड्डाणपुलावर! सुसाट वाऱ्यात काटा मधोमध राहणारच. ट्रायल जाममध्ये घ्या, एसी लावून, गाडी उभी ठेवून.

पुन्हा द्वारका, पुन्हा काटा वर. मग सातपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी फ्यूज बॉक्समधला हॉर्नचा रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढून पंख्याच्या रिलेच्या जागी बसवला, मापाने तो सारखाच होता. पंखा लगेच सुरू. नवा रिले 280, मजुरी 150. त्यांनीच दाखवलं की टॅपेट कव्हरच्या, म्हणजे गॅस्केट बदलायला आधी काढावंच लागतं त्या इंजिनवरच्या झाकणाच्या, बोल्टांवर वर्षानुवर्षांचा चिकट मळ तसाच आहे, पाना लागल्याची खूण नाही. आणि "नव्या" रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीवर घड्याळासारखी गोल तारखेची खूण होती, मधोमध 16, म्हणजे माझ्या गाडीचंच साल. या सगळ्याचे फोटो मी तिथेच काढले. तुम्हीही काढा, गाडी गॅरेजात सोडण्याआधीसुद्धा.

आता पोलिसांचं ऐका. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं 318 कलम आहे, हे मी वाचून गेलो होतो. ठाणे अंमलदार म्हणाले, "हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा." फोटो दाखवले. "रेडिएटर जुना आहे हे आम्हाला काय कळणार?" मिस्त्रींना घेऊन येतो म्हटलं, तर "साहेब सिंहस्थाच्या बैठकीत." पुढच्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. शेवटी साधा अर्ज घेतला, पोच द्यायला खळखळ केली. गॅरेजच्या परवान्याचं विचारायला एका कार्यालयात गेलो, त्यांनी दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरीने परत पहिलीकडे. चोर चार वाक्यांत पैसे काढतो आणि ज्याचे गेले त्याने झेरॉक्स काढत हिंडायचं! वर एकाने विचारलं, "तुम्ही शिकलेले ना?" शिकलेल्याला लुटलं तर गुन्हा होत नाही का?

गॅस्केट गेलं म्हणतात तेव्हा ब्लॉक टेस्ट मागा. कूलंटच्या तोंडाशी निळं द्रावण धरतात. सिलिंडरचा वायू आत येत असेल तर ते पिवळं होतं. नाही म्हणाला तर गाडी काढा. कूलंट भरल्याबरोबर दिसणारे बुडबुडे पुरावा नव्हेत, ती अडकलेली हवा असते. गरम रेडिएटरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. दाबामुळे 100 अंशांच्या वरही न उकळलेलं पाणी दाब सुटताच उसळून अंगावर येतं. आणि पैसे कुणाच्या भाच्याला द्यायचे नाहीत.

ग्राहक आयोगात तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर टाकली आहे. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. नोटीस पाठवल्यावर मालकाचा फोन आला, तसाच गोड: "भाऊ, 8,000 घ्या, मिटवून टाकू." मी नाही म्हटलं. द्वारका ते पाथर्डी फाटा या पट्ट्यात आणखी कुणाला "भाच्याच्या नंबरवर" पैसे टाकायला लावले असतील, तर तो यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. एकट्याच्या अर्जाला कुणी विचारत नाही, दहा अर्ज आले तर बघू त्याचं 318 कसं लागत नाही ते.