स्ट्रेस: ‘सेव्ह’ केल्यावर जुन्या फाइलचं काय होतं ते दाखवणारं टूल

लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम फाइल बनवताना किंवा ओव्हरराइट करताना कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) नेमकं काय मागतो, हे बघायला स्ट्रेसइतकं उपयोगी टूल दुसरं नाही. मूळचं १९९१ मधलं, सनओएससाठी लिहिलेलं; आज मुक्त स्रोत आहे, फुकट आहे आणि उबुंटूवर ॲप्टने मिनिटभरात बसतं.

सुरुवातीलाच तीन पर्याय कायम लावायची सवय करा. ‘-एफ’ नसेल तर चाइल्ड प्रोसेस (प्रोग्रॅमने सुरू केलेले उपप्रोग्रॅम) नोंदीतून सुटतात, आणि शेल स्क्रिप्टमध्ये खरं काम तिथेच चालतं. ‘-वाय’ने डिस्क्रिप्टरच्या (उघड्या फाइलला कर्नलने दिलेल्या क्रमांकाच्या) आकड्याशेजारी फाइलचा पाथ दिसतो. ‘-ओ’ने नोंद वेगळ्या फाइलीत जाते, नाहीतर ती प्रोग्रॅमच्या एरर आउटपुटमध्ये मिसळते. गाळणी लावताना मात्र जपून. ‘फाइल’ या गटात फक्त पाथ घेणारे कॉल (कर्नलकडे केलेल्या मागण्या) येतात. राइट, एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवणारा कॉल) आणि क्लोज बाहेरच राहतात. त्यामुळे ‘फाइल’ आणि ‘डेस्क’ (डिस्क्रिप्टर वापरणारे कॉल) हे दोन्ही गट एकत्र द्यावेत.

मग जे दिसतं ते पाहण्यासारखं असतं. शेलमधलं ‘>’ म्हणजे ओपनॲटचा एक कॉल: ओ-राइटओन्ली, ओ-क्रिएट आणि ओ-ट्रंक हे तीन फ्लॅग (फक्त लिहायला उघड, नसेल तर बनव, असेल तर रिकामी कर), परवानगी ०६६६. यूमास्क (नव्या फाइलला न द्यायच्या परवानग्या) ०२२ असेल तर नवी फाइल ०६४४ ची बनते. जुनी असेल तर तिच्या परवानग्या तशाच राहतात, मजकूर मात्र त्याच क्षणी शून्य बाइट होतो. राइट अजून व्हायचाच असतो. ‘सॉर्ट यादी > यादी’ केल्यावर यादी रिकामी का होते, याचं उत्तर नोंदीत सरळ दिसतं: ओ-ट्रंकची ओळ आधी, सॉर्टचा एक्झेकव्हीई (प्रोग्रॅम सुरू करणारा कॉल) नंतर. सॉर्टचा स्वतःचा ‘-ओ’ पर्याय वापरला तर हा घोटाळा होत नाही.

‘सीपी’ने आधीपासून असलेल्या फाइलवर कॉपी केली तर ती तिथेच रिकामी करून भरली जाते, आयनोड (फाइलसिस्टिममधली फाइलची मूळ नोंद) तोच राहतो. ‘सेड -आय’ मात्र तात्पुरती फाइल लिहून तिला रीनेमने जुन्याच्या जागी बसवतं. आयनोड बदलतो, म्हणून हार्ड लिंक (त्याच फाइलची दुसरी नावं) तुटतात.

एखादा एडिटर डेटा सुरक्षित लिहितो का, हे तपासायचं तर हा क्रम शोधा: त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल, राइट, एफसिंक, रीनेम, शेवटी डिरेक्टरीवर एफसिंक. रीनेमआधीचा एफसिंक गाळलेला असेल तर वीज गेल्यावर योग्य नावाची पण रिकामी फाइल हाती येऊ शकते. तात्पुरती फाइल टीएमपी या डिरेक्टरीत बनवली आणि ती वेगळ्या फाइलसिस्टिमवर असली, तर रीनेम ई-एक्सडेव्ह (दोन्ही जागा वेगळ्या फाइलसिस्टिमवर) हा एरर देऊन फसतो.

सगळ्यात मोलाची सोय म्हणजे ‘इंजेक्ट’, म्हणजे निवडलेल्या कॉलला मुद्दाम खोटा एरर देणं. तिसऱ्या राइटला ई-नोस्पेस (डिस्कवर जागा नाही) द्यायला सांगा, आणि डिस्क न भरताच प्रोग्रॅम डिस्क भरल्यावर कसा वागतो ते कळतं. परत आलेला एरर न तपासणारे प्रोग्रॅम इथे लगेच उघडे पडतात. मात्र मोजणीत स्क्रीनवर लिहिणारे राइटही धरले जातात, म्हणून आकडा आधी साध्या नोंदीवरून ठरवा.

उणिवा खऱ्या आहेत. एममॅपमधून (फाइल मेमरीत जोडून) मेमरीत केलेलं लेखन दिसतच नाही, आणि आयओ-यूरिंगने (कर्नलला मागण्या रांगेतून देण्याच्या पद्धतीने) केलेले राइट वेगळे कॉल म्हणून येत नाहीत. नोंदीत राइट नाही म्हणून फाइल बदलली नाही, असं समजू नका. मजकुराची पहिली ३२ अक्षरंच दिसतात. ‘-एस’ने वाढवता येतात, पण मग पासवर्डही नोंदीत उतरतात, तेव्हा ती नोंद कुणाला पाठवण्याआधी वाचून घ्या. चालू प्रोसेसला ‘-पी’ने जोडायला उबुंटूवर सूडो लागतो.

वेग हा मोठा दोष. प्रत्येक कॉलला प्रोसेस दोनदा थांबते, त्यामुळे जास्त राइट करणारा डेटाबेस रांगायला लागतो. स्ट्रेसच्या ५.३ आवृत्तीपासूनचा सेकॉम्प-बीपीएफ पर्याय ‘-एफ’सोबत दिला तर गाळलेल्या कॉलवर हे थांबणं टळतं. तरीही चालू प्रॉडक्शन सर्व्हरवर फक्त कोणती फाइल उघडली एवढंच बघायचं असेल, तर बीपीएफवर (कर्नलच्या आतच छोटे प्रोग्रॅम चालवायच्या सोयीवर) चालणारं ओपनस्नूप वापरा.