हेलिओस ४४-२ की कॅनन एफडी ५०?

कॅमेरा कॅननचा डीएसएलआर, आणि बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या दुकानात समोर या दोन जुन्या लेन्स. ‘एफडी (कॅननचं जुनं माउंट) कॅननचीच, मग बसेलच’ म्हणून पैसे देऊ नका.

खरी मेख अंतरात आहे. डीएसएलआरवर लेन्स बसते त्या ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिमीवर असतो. एफडीला ४२ मिमी लागतात, म्हणजे २ मिमी कमी. साध्या अडॅप्टरवर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारं कडं) इन्फिनिटी, म्हणजे दूरवरचा फोकस, जाते. चारेक फुटांपलीकडचं धूसर. काचवाला अडॅप्टर ते सांभाळतो, पण पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला (प्रकाश आत सोडणारं छिद्र) चित्र मऊ पडतं. हेलिओसच्या एम४२ आट्यांना ४५.४६ मिमी हवेत, तिथे पातळ कडं पुरतं. मिररलेसवर (आत आरसा नसलेला कॅमेरा) मात्र हा वादच नाही, दोन्ही चालतात.

अ‍ॅपर्चर: ४४-२ मध्ये प्रीसेट रिंग, म्हणजे छिद्राची पाती हाताने फिरवायची; कॅमेऱ्याने पाती मिटवायची पिन मागे नाही. एफडीच्या अडॅप्टरवरची रिंग ‘लॉक’वर नेली नाही तर पाती उघडीच राहतात, आणि मॅन्युअल मोडमध्ये एफ ८ लावूनही फोटो पांढरे येतात.

तपासणी दोघींची सारखीच. मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. बडोद्याच्या पावसाळ्यात ती वाढतेच, म्हणून सिलिका जेलसह हवाबंद डबा घ्याच. पात्यांवर तेल? ४४-२ मध्ये चालेल, पाती हातानेच फिरतात. एफडीत ती अडकतात.

डीएसएलआर असेल तर हेलिओस. मिररलेस असेल आणि कडेपर्यंत स्वच्छ चित्र हवं असेल तर एफडी. गरगरती पार्श्वभूमी हवी असेल तर पुन्हा हेलिओसच.